फुलदाणीची जागा

३ जून

आत्या,

आणि दुसरं असं की मी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहणार नाही. मागच्या पत्रात सांगितलं, त्याच्या मागच्या पत्रात सांगितलं, तरी तुझं पालुपद चालूच. "देवाने तुला राखलं, त्याचे आभार मान, लांब गेलास म्हणून काय झालं, तिथेही चर्च असेलच की." आहे. दोन रस्ते सोडून आहे. पण सुट्टी एकच, रविवारी, आणि त्या दिवशी मला झोपायचं असतं.

राखलं हे मी कुठे नाकारतोय? तुला तिसऱ्यांदा सांगतो, म्हणजे चौथ्यांदा विचारणार नाहीस. आमचं धुलाईखातं हॉटेलच्या तळघरात. ओल्या चादरी एका बाजूने गरम रोलरमध्ये सारायच्या, दुसऱ्या बाजूने कोरड्या कडक निघतात. माझी बाही चादरीबरोबर आत गेली. मी बाहीच्या मागोमाग निघालो होतो. समोरच्या लांबूने दोरी ओढून रोलर थांबवला आणि मला मागे खेचलं. मला ओरखडा नाही. त्याची बोटं भाजली. झालं.

आता तू म्हणशील, बघ, देवाची कृपा. असेल. पण मला कुणाचं ओझं डोक्यावर ठेवून झोप येत नाही, देवाचं तर नाहीच नाही. म्हणून साडेतीनशे पाठवतोय. रविवारी दानपेटीत टाक आणि वर कळव की भिरभिऱ्याकडून पोचते झाले. देव मोकळा, मी मोकळा. यापुढे हा विषय आपल्या पत्रात नको.

तुझा,
भिरभिऱ्या

ता. क. मुकादमाने फाटक्या बाहीचे पैसे माझ्याच पगारातून कापले. ते मी साडेतीनशेत धरलेले नाहीत.


११ जून

चि. भिरभिऱ्यास आत्याचा आशीर्वाद.

तुझे साडेतीनशे परत पाठवले आहेत. टपालवाल्याने विचारलं, "बाई, आलेले पैसे कुणी परत करतं का?" म्हटलं, भाच्याला वाटतंय देवाने दुकान टाकलंय. कृपेची पावती फाडता येत नाही, बाळा. मला आधी कळलं असतं की तुझ्या जिवाची किंमत तू साडेतीनशे लावतोस, तर लहानपणी तुला एवढं दूध पाजलं नसतं.

पैसे नकोत. काम आहे. सोबतच्या पार्सलात प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड आहे. एकतीस वर्षं मी ते धुतलं, आता बोटांच्या गाठी पिळू देत नाहीत. एका कडेला जुना डाग आहे. तो मी आजवर फुलदाणीखाली ठेवत आले. पाळकसाहेब फुलदाणी मध्यभागी सरकवतात, मी परत कडेला आणते, असा आमचा दर वेळचा खेळ. पण खजिनदारीणबाईंच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. त्यांना प्लॅस्टिकचं आणायचंय. ओल्या फडक्याने पुसलं की झालं, म्हणतात. आणि माझ्या हाताला बरेच दिवस विश्रांती मिळाली नाही, असंही म्हणतात. गोड बोलून घरी बसवायचं म्हणजे काय ते मला कळतं.

तू दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धुतोस, एक देवाची धू. पण मशीनला घालू नकोस. हाताने धू. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे, त्याआधी कापड इथे हवं. मंडळीसमोर मी सांगून बसलेय की माझा भाचा त्यातला कारागीर आहे. माझी एकतीस वर्षांची जागा आता तुझ्या हातात आहे, मळवू नकोस.

एक विचारायचं राहिलं. स्वतःच्या बाहीबद्दल तू तीनदा लिहिलंस आणि त्या माणसाच्या बोटांबद्दल तीन शब्द. कसा आहे तो?

आत्या


२४ जून

आत्या,

शाबास. रोज सहाशे चादरी धुणाऱ्या माणसाला तू सातशे मैलांवरून आणखी एक धुवायला पाठवलीस. पार्सल मुकादमासमोर फोडलं हे माझं चुकलं. तो म्हणाला, "तुझ्या आत्याला इथे खातं उघडून देऊ का?" सगळे हसले. लांबू पण हसला, आणि तो वर्षातून दोनदा हसतो.

तरी बसलो. गच्चीवर, रविवारी, झोपेचं खोबरं करून. एक नाही, दोन रविवार. डाग द्राक्षरसाचा आहे हे मी वास घेऊनच ओळखलं. जुना, मुरलेला. आधी डागाची कड बादलीच्या तोंडावर ताणून बांधली, वरून उकळतं पाणी सोडलं, मग लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवला, दर अर्ध्या तासाने पाण्याचा शिपका. हे लांबूने शिकवलं. त्याला हाताने काही करता येत नाही म्हणून तो तोंडाने करतो. "जोरात नको. कापड काही तुझं वैरी नाही." म्हटलं, तूच धू. तर गुंडाळलेला हात वर करून दाखवला.

आता तूच विचारलंस म्हणून सांगतो. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत. म्हणून त्याच्या शर्टाची बटणं कोण लावतं, तर मी. तो साडेसहा फूट, मी हा एवढा. बादली पालथी घालून तिच्यावर उभा राहतो आणि गळ्याचं बटण लावतो, तेव्हा आमच्या खोलीखालच्या मजल्यावरच्या बायका बघायला येतात. त्याचा डबा मी उघडायचा, पाव मी मोडायचा, दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी न्यायचं आणि तिथे रांगेत त्याच्या घोरण्याची लाज मी वाटून घ्यायची. पट्टी बदलताना तो हूं की चूं करत नाही, मलाच घेरी येते. डॉक्टरीणबाई आता आधी मला खुर्ची देते. आणि तू म्हणतेस, देवासाठी काहीतरी कर. वेळ कुठून आणू?

डाग नव्वद टक्के गेला. पिवळसर सावली राहिलीये. ज्या धांदरटाने तो पाडला, त्याच्या हातात प्याला कुणी दिला होता ते मला बघायचंय. चर्चसारख्या जागी डोळे फुटले होते का त्याचे? माझे दोन रविवार त्याने खाल्ले. भेटला तर त्याच्याकडून वसूल करीन.

भिरभिऱ्या


१ जुलै

चि. भिरभिऱ्यास आशीर्वाद.

डाग पाडणाऱ्याला शिव्या देऊ नकोस. तुला माहीत नाही तो कोण. आणि वसुलीच्या गोष्टी तू जरा कमी कर, शोभत नाहीत.

तुझं पत्र पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. बादलीवर उभं राहून बटण लावण्याशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "हे परत वाचा." मी परत वाचलं. रविवारी त्यांनी ते उपदेशात घेतलं, नाव न घेता. पण 'भिरभिऱ्या' म्हटलं नाही तरी सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागावू नकोस. साक्ष द्यायला उभा राहणार नाही म्हणालास ना, नाही राहिलास. बादलीवर राहिलास.

खजिनदारीणबाईंनी प्लॅस्टिकचं आणून मागच्या खोलीत ठेवलंय. त्यावर द्राक्षांचे घड छापलेत, शेजारी अननस. अननस का, असं विचारलं तर म्हणाल्या, तेवढाच नमुना शिल्लक होता. कापड लवकर पाठव. प्रभूच्या मेजावर अननस बघायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

लांबूला माझा नमस्कार. त्याला घरी कोणी आहे का?

आत्या


९ जुलै

आत्या,

माझी तब्येत चांगली आहे. इकडे उकाडा आहे. लांबूला घरी कोणी नाही, त्याने तुला नमस्कार सांगितलाय. कापडही चांगलं आहे. जरा इस्त्रीला आहे.

एक सहज विचारतो. प्लॅस्टिक इतकं वाईट असतं का? शेवटी देव मन बघतो, असं तूच म्हणायचीस. आणि अननस हेही त्यानेच निर्माण केलेलं फळ आहे.

भिरभिऱ्या


१४ जुलै

भिरभिऱ्या,

काय करून ठेवलंस?

आत्या


२२ जुलै

आत्या,

बसून वाच.

तू सांगितलं होतंस, मशीनला घालू नकोस. मी धुतलं हातानेच, हे खरं आहे. पण वाळल्यावर ते जरा चुरगळलेलं दिसत होतं आणि मला वाटलं, खजिनदारीणबाईंचे डोळे दिपले पाहिजेत. आरशासारखी चमक फक्त रोलरच देतो. म्हणून एकदाच, फक्त एकदा, रोलरमधून काढलं. मी या बाजूने सारलं. पलीकडे नेहमी लांबू असतो, पण त्याच्या जागी सध्या नवा माणूस आहे. त्याला पांढरं दिसलं की घडी घालायची आणि गाडीवर टाकायचं, एवढंच येतं. मी वळसा घालून पलीकडे पोचेपर्यंत गाडी वर गेली होती.

वर मोठ्या हॉलमध्ये त्या दिवशी कसलीशी मेजवानी. दीडशे मेजं, दीडशे पांढरी कापडं. तू कोपऱ्यावर भरलेला बारका क्रूस हीच काय ती खूण, आणि कोपरे सगळे खाली लोंबत होते. मी ओणवा होऊन एकेक बघत निघालो. बाराव्या मेजाखाली एका साहेबाच्या बुटावर हात पडला. त्याने वाकून विचारलं, "काय शोधतोस?" माझ्या तोंडून खरं निघून गेलं. म्हटलं, क्रूस. तो म्हणाला, "हरवलास की सोडलास?" मी पुढच्या मेजाखाली गेलो. चाळिसाव्या मेजाशी मला कॉलर धरून बाहेर काढलं.

नऊ तारखेचं पत्र मी त्यानंतर लिहिलं. ते विसर.

पुढे आठवडाभर धुवायला खाली आलेलं प्रत्येक कापड मी उलगडून बघितलं. लांबूही एका हाताने बघायचा. मी म्हटलं, तुझं काय अडलंय, ना तू आमच्या चर्चचा, ना आत्या तुझी. तो म्हणाला, "तुझी आत्या मला नमस्कार पाठवते." एवढंच. मग अठरा तारखेला नेहमीसारखे आम्ही खालच्या खानावळीत जेवायला गेलो. नोकरांची खानावळ ती, फळीच्या मेजावर कधी कुणी कागदसुद्धा अंथरला नाही. आणि मेजावर तुझं कापड. क्रूस वर, सगळ्यांना दिसेल असा. मोठा आचारी म्हणाला, "वरच्या हॉलच्या मापात बसत नव्हतं, हाताने भरलेलं दिसलं, टाकवलं नाही. म्हटलं, आपल्याला कोण असलं देतंय." दहा दिवस ते तिथेच होतं. मी एवढे दिवस कसा पाहिला नाही? आमची पाळी पहिली असते, आणि ते लोक पहिल्या पाळीला ते काढून घडी घालून ठेवायचे. आम्ही धुलाईवाले डाग बघून नावं ठेवू म्हणून. त्या दिवशी दोन्ही पाळ्या एकत्र बसल्या आणि काढायचं विसरले.

मी म्हटलं, उठा, हे देवाच्या मेजाचं आहे. भांडी घासणारे दोघे, पहारेकरी, मजले पुसणारी बाई, कुणी उठलं नाही. मजले पुसणारी म्हणाली, "मग आम्ही कुणाचे आहोत?" आणि भाकरतुकडा मोडत राहिली. उलट सरकून मला जागा केली. आता असं म्हटल्यावर कापड ओढायचं कसं, ते तू सांग. मी बसलो.

लांबूची पट्टी त्याच सकाळी सुटली होती. बोटं अजून गुलाबी आणि ताठ. दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्याने उजव्या हाताने चहाचा पेला उचलला. सगळे बघत होते. पेला अर्ध्यावर आला आणि निसटला. चहा कापडावर, बरोबर तुझ्या जुन्या डागाच्या शेजारी.

एवढ्या मोठ्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्याला मारणार आहे. आत्या, मला वाईट वाटलं पाहिजे होतं. कापड तुझं, डाग घालवायला घातलेले दोन रविवार माझे, अननस समोर उभा. पण मला फक्त ती बोटं दिसली. मी म्हटलं, "चटका नाही ना बसला?" तेवढ्यात मुकादम दारात आला. आणि मी माझी ताटली उचलून त्या डागावर ठेवली. का ठेवली ते मला विचारू नकोस. ठेवली.

चहा लगेच धुतला, पण इथलं पाणी खाणीतल्यासारखं जड, सावली राहिलीच. आता डाग दोन आहेत. पार्सल आज टाकतोय. वेळेत पोचलं तर तुझी जागा जाईल ती माझ्या डागाने, नाही पोचलं तर माझ्या उशिराने. दोन्हीकडून मीच. काय बोलायचं ते बोल.

भिरभिऱ्या


४ ऑगस्ट

चि. भिरभिऱ्यास आशीर्वाद.

कापड शनिवारी दुपारी पोचलं. रविवारी मेजावर होतं.

आता मी सांगते ते तू बसून वाच. तू नऊ वर्षांचा होतास. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मी चर्चच्या खिडक्या लावत होते. परत आले तर मेजावरच्या दोन प्याल्या रिकाम्या, तिसरी आडवी, आणि तू शेवटच्या बाकाखाली गाढ झोपलेला, ओठांना जांभळी मिशी. तुला चार महिने झाले होते माझ्याकडे येऊन. घरात कशालाही हात लावताना विचारायचास, "हे सांडलं तर मला परत पाठवशील?" मी फुलदाणी उचलली आणि डागावर ठेवली. तुला खांद्यावर टाकून घरी आणलं.

तेव्हापासून चौदा वर्षं फुलदाणी कडेला आहे. तीन पाळक झाले. पहिल्याला सांगितलं, मला तिरळं दिसतं. दुसऱ्याला सांगितलं, मध्ये ठेवली की मला शिंका येतात. आत्ताचे विचारून थकले. हे कापड बदलायला पैसे नव्हते असं नाही. मी बदलू दिलं नाही. मेजापाशी उभी राहिले की मला ती जागा दिसायची आणि वाटायचं, माझंही असंच कुणीतरी झाकलंय. आभार मानायला मला ती जागा बरी पडायची. म्हणून तू डाग नव्वद टक्के घालवलास, तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं. पण कारागिराला कोण सांगणार?

तुला मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू तेव्हाही साडेतीनशे पाठवले असतेस.

आता रविवारचं. मी फुलदाणी जराशी फिरवून ठेवली, दोन्ही डाग तिच्याखाली बसले. उपासनेआधी खजिनदारीणबाई आल्या. कापडाची चमक बघून म्हणाल्या, "छान आलंय." आणि फुलदाणी उचलली. मी म्हटलं, संपलं. त्यांनी खाली बघितलं. मी म्हटलं, एक माझ्या भाच्याचा आहे. दुसरा ज्याने त्याला वाचवलं त्याचा. त्यांनी फुलदाणी परत ठेवली. कडेला, जिथे होती तिथेच, आणि पाळकसाहेब मध्ये सरकवायला आले तर म्हणाल्या, "असू द्या, तिची जागा ती आहे." प्लॅस्टिकचं त्या घरी घेऊन गेल्या. अननस आता त्यांच्या फ्रिजवर आहे.

मागची ताटलीची गोष्ट मी कुणाला वाचून दाखवली नाही. ती माझी.

आत्या


१६ ऑगस्ट

आत्या,

तू मला चौदा वर्षं सांगितलं नाहीस आणि मी पोस्टाने स्वतःलाच शिव्या घातल्या. डोळे फुटले होते का, असं विचारलं. वसूल करीन म्हणालो. तू ते वाचलंस, आणि कशी हसली असशील ते मला इथून दिसतंय. द्राक्षरस प्यालेला मला आठवत होता. सांडलेला नाही. म्हणजे, सांडलं हे थोडंसं आठवत होतं, पण मला वाटायचं ते स्वप्न, कारण कुणी ओरडलं नव्हतं. ओरडा पडल्याशिवाय माझं काही सांडलेलं खरं असू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

लांबूला वाचून दाखवलं. तो वर्षातलं तिसरं हसला.

तुला सांगू नये असं ठरवलं होतं, पण तू बातमी दुसरीकडून काढशीलच. मी गेलो. दोन रस्ते सोडून. रविवारी. साक्षबिक्ष काही दिली नाही, शेवटच्या बाकावर बसलो, बाकाखाली नाही. इथे फुलदाणी अगदी मध्यभागी ठेवतात. मला लगेच संशय आला. सगळे गेल्यावर एक म्हातारी मेजाचं कापड एकटीच काढत होती. दोन कोपरे हातात, दोन जमिनीला. आता कापड घडी करायला दोन माणसं लागतात हे ज्याला कळतं, त्याला बघत बसवत नाही. मी जाऊन उरलेले दोन कोपरे धरले. कडेला कड मिळवली, माझ्याकडून तिच्याकडे गेलो, घडी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "सवय दिसते." म्हटलं, रोज सहाशे. तिने फुलदाणी उचलून माझ्याकडे धरायला दिली आणि मी, तुझी शपथ, खाली वाकून बघितलं. होता. बरोबर मध्यभागी. मेणाचा.

पुढच्या रविवारी मेण काढायला जाणार आहे. मेणाला उकळतं पाणी नाही चालत, खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, हे तिला माहीत नाही. लांबू बरोबर येतो म्हणतोय. देवासाठी नाही, इस्त्री मी जास्त तापवीन म्हणून.

तू परत पाठवलेल्या साडेतीनशेचं काय झालं, ते तू विचारलं नाहीस, मी सांगतो. लांबूसाठी शर्ट घेतला. त्याची बोटं अजून बटणाला वळत नाहीत आणि बादलीवर चढून माझे गुडघे गेले. दाबून लागणारी बटणं आहेत, टचाटच, एका अंगठ्याने. त्याच्या मापाचा शर्ट मिळायला अर्धा दिवस फिरलो. पहिल्या दिवशी त्याने तो स्वतः घातला, आणि तरी सवयीने बादली आणून माझ्यासमोर पालथी ठेवली. मी चढलो. कॉलर सरळ करायची होती.

त्यातून उरले ते पाठवतोय. कशाचे म्हणून विचारू नकोस, कशाचेच नाहीत. कुणाचं काही फिटत नाहीये आणि फेडायचंही नाहीये. फुलं आण, नाहीतर चहा पी, नाहीतर पेटीत टाक, पण आता माझं नाव वर कळवू नकोस, त्याला माहीत आहे. यावेळी परत पाठवलेस तर टपालवाला तुला वेडी ठरवील.

सत्तेचाळीस रुपये आहेत.